साबणाच्या वडीत फुगे किती

नोव्हेंबर. सकाळचे सात. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलेलं.
बाळाप्पाच्या टपरीत बिस्किटाच्या बरणीला मोबाईल टेकवून
आम्ही जॉर्जियाची मतमोजणी बघतोय:
मी, रिटायर कंपाउंडर बसर्गे,
आणि उसाच्या ट्रकवरचा एक क्लीनर, गेटमुळं अडकलेला,
ज्याला वाटलं मॅच चालू आहे.

"कोण पुढं हाय ओ?"
अजून कळत नाही, म्हणालो,
आणि नेहमीसारखा सुरू झालो.

छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, वडगावच्या शाळेत.
पुस्तकात अमेरिका अडीच पानं.
मी तीन आठवडे घ्यायचो.
सांगायचो, मताचा हक्क कागदावर आला
आणि त्यावर शंभराला पाच कमी वर्षं
कारकून बसून राहिला.
काळा माणूस नाव नोंदवायला आला की विचारायचा,
सांग, साबणाच्या वडीत फुगे किती?
मुलं हसायची. हसू द्यायचो.
मग म्हणायचो, काहीही सांगा, चूकच.

आमच्याकडं हे लवकर कळतं.
वडिलांनी तहसीलच्या कचेरीत
मोडी वळणाची लफ्फेदार सही केली होती,
कानडी वाचता येईना म्हणून
समोरच्यानं शेजारी लिहिलं: निरक्षर.
तो कागद मी वर्गात दाखवायचो,
अलाबामाच्या आधी.

तर माझी मतं पक्की आहेत.
बसर्गेला ती पाठ आहेत.
रांगेत ताटकळलेल्याला पाण्याची बाटली देऊ नका
असा कायदा करणाऱ्यांनी
लोकशाहीवर बोलू नये.
बँकांनी शहरांच्या नकाशावर लाल पेन्सिल फिरवली,
इथं कर्ज नाही, इथं घर नाही,
आणि नातवंडं अजून त्या रेघेच्या आत राहतात.
"तुम्ही तिकडंच जन्मायचं होतं बघा सर,"
बसर्गे म्हणतो. दर वेळी म्हणतो.
दर वेळी मला बरं वाटतं.

आज वाटलं नाही.

जूनमध्ये एक मुलगी आली होती, सिव्हिलला नर्स,
वरची खोली रिकामी आहे का विचारायला.
चपला पार फाटकाबाहेर काढलेल्या.
"आठवीत तुमच्याकडंच होते की ओ सर. निर्मला."
निर्मला, वा. चहा घेशील?
ड्यूटी कुठली, नाईट किती, सगळं विचारलं.
मग विचारलं,
पुढं काय, निर्मला?

तिनं सांगितलं.
मी पंख्याकडं बघितलं.
खोली भाच्याला कबूल केलीय गं, म्हणालो,
एक दिवस आधी आली असतीस तर.

"होय की," ती म्हणाली.
कप स्वतः उचलून मोरीपाशी नेला, विसळला, पालथा घातला.
फाटकाशी चपला घालताना म्हणाली,
"तीन आठवडे शिकवलेलं तुम्ही ते.
माझ्या ध्यानात हाय."

मला भाचा नाही.
बहीणच नाही मला.
त्या खोलीत आता कांदे पसरलेत,
आणि बायकोनं एकदाही विचारलं नाही
की ती मुलगी का आली होती.

बसर्गे म्हणतोय, फुल्टन काउंटी राहिलीय अजून.
मी मान हलवतो.
गाडी धडधडत जाते, मिरजेकडं,
टपरीतले ग्लास एकमेकांवर वाजतात.
गेट वर होतं. क्लीनर उठतो,
एक पाय पायरीवर, दार धरून, मागं वळून:

"पर सर, ती वडी केवढी म्हणायची?
अंघोळीची, का कापडं धुवायची?"

त्यानं खरंच मोजायला घेतलं होतं.
ट्रक गेला.
बाळाप्पा म्हणाला, लिहून ठेवू काय?
नको, म्हणालो, आणि खिसे चाचपत बसलो.